स्पॅगेटी इतक्यात टाकू नकोस

मुकादमाची बायको सगळ्या टोळीची वहिनी होती. बोगदा खणणारी ही माणसं महिन्यातून एकदा, शनिवारची पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायची. बेत ठरलेला असायचा: स्पॅगेटी आणि खिम्याचे गोळे. एवढ्या खादाडांना पुरेल आणि रांधणारीचा जीवही जाणार नाही, असं दुसरं काही तिला अजून सापडलं नव्हतं.

त्या दुपारी नणंद मदतीला आली होती. दुधात भिजवलेला शिळा पाव, बारीक कांदा, लसूण, अंडी, मीठ-मिरी, सगळं खिम्यात घातलं होतं आणि नणंद कणीक तिंबावी तशी त्यावर तुटून पडली होती.

"अगं, हलक्या हाताने! दगड होतील त्यांचे," वहिनी म्हणाली.

"होऊ देत. बुटक्या दगडही पचवतो."

बुटक्या म्हणजे टोळीतला सगळ्यांत उंच गडी. ड्रिल त्याच्याकडे असायचं. तो बायको आणि दोन पोरींना घेऊन वहिनीच्याच गल्लीत राहायचा.

तळण्याच्या भानगडीत वहिनी कधी पडली नाही. वळलेले गोळे ती तशीच खदखदत्या टोमॅटोच्या रश्श्यात सोडायची. अर्धे सोडून झाले आणि फोन वाजला. हात खिम्याने बरबटलेले, म्हणून नणंदेने फोन तिच्या कानाला धरला.

"उशीर होईल गं आम्हाला," मुकादम म्हणाला. "आत फोन लागत नाही म्हणून बाहेर येऊन बोलतोय. स्पॅगेटी इतक्यात टाकू नकोस, लगदा होईल. आणि बुटक्या म्हणत होता..."

फोनमध्ये, कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. मग नवरा कुणाकुणाला हाका मारत दूर पळत गेल्याचं तिला ऐकू आलं. फोन चालूच राहिला.

कोसळलेल्या बोगद्याचं फाटक बंद केलं होतं. बायकामाणसांना आत सोडेनात, म्हणून जवळचं घर म्हणून सगळ्याजणी वहिनीकडे आल्या. भिंतीला टेकून बसल्या. कुणी रडत नव्हतं. पोरं मात्र भुकेने किरकिरायला लागली.

"गॅस बंद करू?" नणंदेने हळूच विचारलं.

"नको. पाणी ठेव मोठ्या पातेल्यात."

वहिनीने पोरांना वाढलं. बुटक्याच्या धाकटीने बोटांनी स्पॅगेटी उचलली, तोंड लाल करून घेतलं आणि आणखी मागितलं. तेवढ्यात तिच्या आईने ताटलीच हिसकावून जमिनीवर आपटली.

"तुझा नवरा बाहेर होता ना? मग तू वाढ, तू खा!"

वहिनीने फरशी पुसली, दुसरी ताटली भरली आणि पोरीला स्वयंपाकघरात नेऊन भरवलं.

अंधार पडायच्या आत मुकादम आला. नखशिखांत चिखल, हातांची सालटी निघालेली. दारातच उभा राहिला. त्याने काही सांगायची गरज पडली नाही. आत राहिलेल्यांपैकी कुणीच जिवंत निघालं नव्हतं.

त्यानंतर तो बोगद्यात उतरला नाही. एका गोदामावर राखणदारी धरली. घरात मुक्याने वावरायचा. "मी फोन केला नसता तर..." एवढंच एकदा म्हणाला. "तर मीही त्या भिंतीला टेकून बसले असते," वहिनी म्हणाली. त्याने मान खाली घातली.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी बुटक्याची बायको आली. पाणीही घेतलं नाही तिने.

"भावजी, शेवटी काय म्हणत होता तो?"

मुकादम उठून जाईल असं वहिनीला वाटलं. पण तो बसून राहिला.

"पोरींसाठी डब्यात चार गोळे बांधून द्यायला सांगत होता," तो म्हणाला. "मला मागायला लाज वाटते, तुम्हीच वहिनींना सांगा, म्हणाला. मी हसलो त्याला."

तिने पदर तोंडात कोंबला. वहिनी तिच्याजवळ सरकली, तशी तिने हात आडवा धरला.

"नको. बरं केलंत सांगितलंत ते. पण या घरी आता मला येववणार नाही."

आणि ती खरंच आली नाही. पुढे पोरींना घेऊन ती माहेरी गेल्याचं नणंदेकडून कळलं. तिच्या घराला कुलूप लागलं, आणि वहिनी बाजारात जायला पलीकडच्या गल्लीतून फिरून जाऊ लागली.