रेणुका गावी जेवते

यशवंतपूरच्या धान्यबाजारात मी चाळीस वर्षं पोती उचलली. आता पाठ गेली, पण ओझं काही उतरलं नाही. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत अंगणवाडी भरते आणि मी दाराशी बसून मुलांसाठी उकडलेली अंडी सोलतो. रोज एक तरी गोष्ट अशी घडते की डोकं धरून बसावं. सगळी बोलणी होतात कानडीत, पण मी निपाणीकडचा, मला ती घरच्या भाषेतच आठवतात. सांगितली नाहीत तर साचत जातात. मंडळी, थोडी तुम्हीही उचला!

*

रेणुका तीन वर्षांची. आईबाप राज्याच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातून आले, पलीकडच्या बिल्डिंगच्या कामावर आहेत. आमच्या टीचर मंगळक्का तिचं नाव अंगणवाडीच्या सरकारी फोनमध्ये घालायला गेल्या, तर फोन म्हणाला, ही मुलगी गावच्या अंगणवाडीत आहे. रोज तिथेच जेवते.

"मग इथे ही कोण बसलीय?" मंगळक्का म्हणाल्या.

मदतनीस नरसम्मा पातेलं घासत होती. "गावात जेवून इथे ढेकर द्यायला आली असेल!"

मंगळक्कांनी गावच्या टीचरला फोन लावला. ती म्हणाली, "नाव काढलं तर माझी मुलं कमी होतील, अक्का. केंद्र बंद करतील. राहू दे की! इथे रेणुका अगदी छान आहे. एक दिवस गैरहजर नाही!"

*

अंडी मोजून येतात. फोनमध्ये तेवीस मुलं, म्हणून तेवीस अंडी. रेणुका चोविसावी. एखादं मूल आलं नाही की त्याचं अंडं तिला द्यायचं, असं आम्ही ठरवलं. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत तिला कळलं.

आता रोज सकाळी ती सगळ्यांच्या आधी येते, माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि विचारते, "अज्जा, आज कोण आलं नाही?"

मागच्या गल्लीतल्या मुलाला ताप आला, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. मी रागावणार होतो. पण त्याचं अंडं सोलून तिच्याच ताटलीत ठेवलं.

*

वजनकाटा पावसाळ्यापासून बंद आहे. सुपरवायझर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सध्या मागच्या महिन्याच्या आकड्यात स्वल्प वाढवून लिहा." तेव्हापासून आमच्याकडे एकही मूल कमी वजनाचं नाही!

मी हमाली केलेला माणूस. हातात घेतलं की किलो कळतो. रेणुकाला उचललं आणि म्हटलं, "मॅडम, ही दहा भरत नाही."

"अंदाज चालत नाही, अज्जा."

"मग काट्यावर बघा."

"काटा बिघडलाय ना!" मॅडम वैतागल्या. मग फोनमध्ये पाहून म्हणाल्या, "आणि हिची काळजी करू नका. गावात हिचं वजन व्यवस्थित वाढतंय."

*

शेवटी मॅडमनीच वाट काढली. आईचा चेहरा फोनमधल्या जुन्या फोटोशी जुळला, तर रेणुकाचं नाव इकडे आणता येईल. तिची आई हनुमव्वा कामावरून धावत आली आणि फोनसमोर उभी राहिली. जुळेना. तोंडावरचं सिमेंट धुतलं. जुळेना. नरसम्माने पावडर लावली. तरी जुळेना! जुन्या फोटोत तिचे गाल भरलेले होते.

"स्वल्प हसा," मॅडम म्हणाल्या.

हनुमव्वा हसली. गाल आणखी आत गेले.

"सरी, ठीक आहे," नरसम्मा म्हणाली, "आधी हिलाच महिनाभर अंडी चारू. गाल वर आले की पोरीचं नाव येईल!"

*

हेब्बाळच्या कुठल्याशा कंपनीतला पुण्याचा एक मुलगा शनिवारी बिस्किटं वाटायला आला. मराठी ऐकून मला बरं वाटलं, म्हणून त्याला सगळं सांगितलं. तो हुशार, लगेच म्हणाला, "काका, प्रॉब्लेम डेटाचा आहे. ही एंट्री डुप्लिकेट आहे."

मला विचारायचं होतं, "बाबा, हिची भूकही डुप्लिकेट आहे का?" पण माझं बोलणं सावकाश. मी "बाबा, हिची..." म्हणेपर्यंत त्याची गाडी वळली!

*

गेल्या आठवड्यात मोठे साहेब तपासणीला आले. मंगळक्का आदल्या दिवशी घरोघरी बजावून आल्या होत्या. तेवीसच्या तेवीस मुलं हजर!

रेणुकाने दारात विचारलं, "अज्जा, आज कोण आलं नाही?"

"सगळे आलेत, बाळ."

ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली आणि आपली ताटली पालथी ठेवली.

साहेबांनी स्वतः हजेरी घेतली. नाव वाचलं की मूल हात वर करायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी वाचलं, "आयेशा."

हात वर झाला नाही. आयेशा चार वर्षांची, रेणुकाच्या शेजारीच बसलेली.

"अगं, हात वर कर की!" मंगळक्का कुजबुजल्या.

साहेब तिच्यापुढे वाकले. "तूच आयेशा ना?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग आयेशा कुठे आहे?"

"आयेशा गावी आहे," ती म्हणाली. "तिकडेच जेवते."

आणि तिने हात लांबवून रेणुकाची ताटली सुलटी केली.