कोळप्यामागचे शब्द

सास्तूरच्या महारुद्रची शाळा दहावीला सुटली, पण इंग्रजीची ओढ सुटली नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यानं तुळजापूरहून जाडजूड शब्दकोश आणला. कोळपणीच्या दिवसांत अवघड शब्दांची चिठ्ठी त्याच्या खिशात असायची. बांधावर बैल वळवताना तो एक शब्द बघायचा आणि सोयाबीनची ओळ संपेपर्यंत अर्थासकट घोकायचा.

"बैल शिकतील एखाद्या वक्ती, तुमी न्हाय शिकायचे," त्याची बायको धुरपदा हसायची.

यंदा तिच्या काखेत गाठ आली. सोलापूरला तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट मोबाइलवर आला तो शनिवारी संध्याकाळी, आणि डॉक्टर भेटणार होते सोमवारी. महारुद्र अडखळत वाचू लागला. ‘ट्यूमर’ एवढं धुरपदालाही कळलं. "म्हंजी कॅन्सरच," ती म्हणाली.

महारुद्रची नजर मात्र ‘ट्यूमर’च्या आधीच्या शब्दावर थांबली. ‘बिनाइन’. हा भेटला होता कुठंतरी. त्यानं डोळे मिटले आणि तो मनातल्या मनात रान चालू लागला. विहिरीकडच्या ओळीत हा नव्हता. लिंबाखालीही नव्हता. बाभळीपाशी ढवळ्या बैल अडून बसला होता, त्या ओळीत...

"निरुपद्रवी!" तो ओरडला. "धुरपदे, गाठ साधी हाय. जिवाला धोका न्हाय!"

"खरंच व्हय?"

सोमवारची वाट न बघता त्यानं डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला आणि फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं.

धुरपदानं पदरानं डोळे पुसले. "उद्या ढवळ्याला पुरणपोळी घालते," ती म्हणाली, "त्यानंबी तुमच्यासंगं घोकलंय."