खुंट्याला बांधलेली लॉरी

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीकडे कारखान्यांसाठी जमिनी घेणं सुरू झालं होतं आणि मी चाकणच्या पट्ट्यात फौजदार होतो.

एका लॉरीमालकानं फिर्याद दिली, घरासमोरून लॉरी चोरीस गेली. ओळखीच्या खुणा विचारल्यावर नंबर, रंग आणि काचेपाशी टांगलेली पितळी घंटा, सगळं त्यानं ऐटीत सांगितलं. चार दिवसांनी बैलबाजारातला एक दलाल, आमचा जुना खबरी, ठाण्यात आला.

"साहेब, तुमची लॉरी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात हाय. खुंट्याला बांधलीया."

मला वाटलं, गडी थट्टा करतोय. जाऊन बघतो तर खरंच! छपराखाली लॉरी, बंपरला दावं घातलेलं आणि ते खुंट्याला गुंडाळलेलं. मालक म्हणवणारा शेतकरी पळाला नाहीच, उलट पाणी घेऊन पुढं आला. चोर असा वागत नाही, हे मी मनाशी धरलं. पण मनाच्या साक्षीवर कोर्ट चालत नाही. लॉरी जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणलं.

"गाडी तुझी कशावरून?"

"इकत घेतलीया साहेब. जमीन कारखान्यात गेली, त्येचं समदं पैसं हिच्यात घातलं. बाजारात पंच्याखाली बोटं धरून किंमत ठरली, सौदा झाला."

"कागद कुठाय?"

"बैलाला कुटं कागद असतो व्हय?"

हवालदार फिस्सकन हसला. मी त्याच्यावर डोळे वटारले.

"अरे बाबा, मोटार म्हणजे बैल नव्हे! नोंदणीच्या पुस्तकावर नाव कुणाचं, ते आधी बघतात. कचेरीत जाऊन ते आपल्या नावावर करून घ्यायचं असतं."

"इकनारा म्हनला, पुस्तक मागनं देतो." मग तो रडायलाच लागला. "काय बी करा साहेब, पर चोर म्हनू नका. गावात तोंड दावता यायचं न्हाई."

विकणारा म्हणून शेतकरी त्या लॉरीमालकाचंच नाव घेत होता, पण सौद्याला साक्षीदार एक शेतकऱ्याचा भाऊ. त्याचं कोण ऐकणार? मी पुन्हा पहिल्यापासून विचारत गेलो. बोटं धरल्यावर काय झालं? किल्ली कुणी दिली? तेव्हा तो सहज बोलून गेला.

"जनावर इकलं तरी इकनारा दावं देत न्हाई, घरची बरकत जाती. लॉरीला दावं कुटलं? म्हून मीच म्हनलो, कायतरी काढून ठेवा. त्येनं घंटा काढली."

मी ताडकन उठलो. पंच घेऊन थेट फिर्यादीच्या घरी गेलो. देवघरात घंटा टांगलेली होती.

"काय हो, चोर घंटा तेवढी परत देऊन गेला काय?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. तोही शेतकऱ्याच्याच पोटचा. बरकतीची वस्तू फेकून द्यायचा धीर त्याला झाला नव्हता. ठाण्यात आल्यावर त्यानं सगळं ओकलं. लॉरी एका पेढीकडून हप्त्यांवर घेतलेली होती. हप्ते थकले, तेव्हा या साध्या माणसाला ती विकून पैसे उडवले आणि पेढीला चुकवायला चोरीचा बोभाटा केला. त्याला मी आत टाकलं, आणि शेतकऱ्याला सोडून दिलं.

शेतकरी माझ्या पाया पडायला वाकला. "आता लॉरी नेऊ का साहेब?"

मी त्याला वर उठवलं. "लॉरी पेढीची आहे बाबा. तिला विकायचा त्याला हक्कच नव्हता."

"म्हंजी मी चोर न्हाई, पर लॉरी बी माजी न्हाई?"

"नाही."

पैसे त्याला कधी मिळाले नाहीत. त्या केसनंतर मी जिथं बदलून गेलो तिथल्या बाजारात लोकांना ओरडून सांगायचो, आधी पुस्तक बघा, गाडीवर पेढीचा बोजा आहे का ते बघा, नावावर करून घ्या, मग पैसे द्या. लोक म्हणायचे, फौजदार लई बडबडतो. म्हणेनात का! नुसता माणूस खरा असून भागत नाही, हे मी त्या ठाण्यात डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच दिवसांत कोर्टाचा हुकूम घेऊन पेढीचा माणूस लॉरी न्यायला आला, तेव्हा शेतकरी ठाण्याच्या आवारात उभा होता. इंजिन सुरू झाल्यावर तो पुढं झाला आणि बंपरला लटकलेलं दावं सोडू लागला. शिपाई हटकायला निघाला, मी त्याला थांबवलं.

"एवढं ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "दावं घरीच ऱ्हातं."

ते दावं हातावर गुंडाळून तो पायी गावाकडं निघाला. घरी बांधायला आता काहीच नव्हतं.