कलंडलेला शिंपला

इथे परदेशात, अ‍ॅशबर्नजवळच्या एका जुन्या घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं, त्या इस्टेट सेलमध्ये मला ती खुर्ची मिळाली. अठराव्या शतकातली, फ्रेंच, रोकोको नावाच्या वळणदार नक्षीच्या शैलीतली. डॉक्टरकीतून रिटायर झाल्यावर मी जुन्या फर्निचरवरचं सोनेरी काम दुरुस्त करायला शिकले होते. त्या खुर्चीवर मी दोन हिवाळे घालवले.

लाकडावर खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर तांबडी माती आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख, मिठाईवर असतो तसा पातळ. मी फक्त काजळी काढत होते. झिजलेल्या कडांतून दिसणारी माती मुद्दाम तशीच ठेवली. माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण शेजारी बसून कापसाचे बोळे करून द्यायची, आणि मी तिला सगळं सांगत बसायचे. दरबारी, काटेकोर थाटाला पॅरिसचे लोक कसे कंटाळले, बागेतल्या नकली गुहांवरचे शिंपले त्यांनी लाकडात कसे उतरवले. खुर्चीच्या पाठीवरचा शिंपला उजवीकडे कलंडलाय तो मुद्दामच, तीच त्याची ऐट. "हो गं, किती सुंदर!" ती म्हणायची.

मंडळाच्या गणपतीसाठी तिने खुर्ची मागितली. दुसऱ्या कुणाला मी दिली नसती.

प्रतिष्ठापनेच्या सकाळी हॉलमध्ये शिरले आणि थेट खुर्चीपाशी गेले. खुर्ची पिवळीधमक! पायांपासून पाठीपर्यंत डब्यातला सोनेरी स्प्रे. शिंपल्याच्या डाव्या बाजूला पुट्टी थापून तो दोन्हीकडे सारखा केलेला. असा रंग उतरवायला गेलं की खालचं सोनंही जातं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"काय केलंस हे?"

"अगं, बाप्पाला झिजलेली खुर्ची कशी द्यायची? सरप्राइज होतं तुला!" मग जमलेल्या बायकांकडे वळून ती हसत म्हणाली, "दोन वर्षं घासत होती बिचारी. हात थरथरतात ना आता. तिला जमत नव्हतं, म्हणून मीच फिनिश करून टाकलं."

माझे हात थरथरत नाहीत. दोन हिवाळे ती माझी कीव करत बसली होती, आणि मी त्याला साथ समजत होते. संताप आलाच, पण त्याहून जास्त मला माझ्याच बडबडीची लाज वाटली.

आरती सुरू झाली. सगळ्यांदेखत तिने तबक माझ्या हाती दिलं आणि स्वतःचा हात खालून तसाच धरून ठेवला, माझ्याकडून पडू नये म्हणून.