चोपडीत नसलेली आत्या

आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी हेळवी यायचा. घराण्याची वंशावळ चोपडीत लिहून ठेवणारा हा माणूस ओट्यावर बसून खापरपणजोबांपासून नावं वाचायचा, नवी जन्मलेली मुलं लिहून घ्यायचा आणि पायलीभर ज्वारी घेऊन पुढच्या घरी जायचा. मी तेव्हा शिरूरला शाळेत शिकवत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुट्टीत गावी आले होते. त्यानं आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीला त्यांचं एकट्याचंच नाव वाचलं. मी विचारलं, आणि आत्या? आई उठून चहा टाकायला आत गेली. आबा अंगणातल्या शेरडांकडे बघत राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत आजोबा दौंडला रेल्वेत कोळसा भरायला होते. तिथून त्यांची लेक कुणा गोऱ्या शिपायाबरोबर पळाली, अशी भावकीत कुजबुज होती. तिचं नाव कुणी घेत नसे, पण उदाहरण मात्र सगळे द्यायचे. मी उलटून बोलले की 'आत्यावर गेली' हे ठरलेलं. शिकायला बाहेर पडले तेव्हा तर रोजच ऐकलं. त्या दिवशी ओट्यावर माझं डोकंच फिरलं. जिच्या नावानं जन्मभर टोमणे खाल्ले, ती बाई कोण होती हे मला कळायलाच हवं होतं.

पुढच्याच रविवारी मी दौंडची एसटी धरली. स्टेशनाबाहेर रेल्वेतले पेन्शनर बाकावर बसायचे. त्यांना आजोबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांचा पाय कोळशाखाली सापडून मोडला होता तेही सांगितलं. कुणाला काही आठवेना. तीन रविवार असेच फुकट गेले. घरी आल्यावर आबा विचारायचे, कुठं गेली होतीस? मी दौंड म्हणायचे आणि ते ताटात मान घालायचे. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "राखवालीच्या भावाची लेक का तुम्ही?"

त्यानं लोको शेडच्या मागची गल्ली दाखवली. तिथं जुन्या शेजाऱ्यांपैकी एकच आजी उरली होती. तिच्या घरात मी पाणी प्यायले तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, तुझ्या आजोबानं आमच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. मग मी दुसरा तांब्या मागितला.

तिनं सांगितलं ते असं. आजोबांचा पाय मोडला आणि घर बसलं. तेव्हा आत्या अठराची होती. इंजिनातली राख खड्ड्यातून उपसायच्या कामावर ही आजी जायची, तिच्याबरोबर आत्याही जाऊ लागली. लढाईच्या गाड्यांना खंड नव्हता. सगळं घर वर्षभर तिच्या कमाईवर जेवलं. आबा सहा-सात वर्षांचे होते, रोज खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून तिची वाट बघायचे. पाय बरा झाल्यावर आजोबांनी गावी परतायचं ठरवलं आणि लेकीला बजावलं, हे काम केल्याचं तिथं बोलायचं नाही. ती म्हणाली, चोरी केली नाही, बोलणार.

"पळून कुठं जाईल ती? तुमचीच मानसं तिला सोडून गेली. मरंस्तोवर हितंच व्हती, माझ्यापाशी."

शिपाई वगैरे कुणी नव्हताच. मला रडू आलं नाही, संताप आला. घरी गेले आणि आबांपुढे सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही. एवढंच म्हणाले की, माझ्या बापाला खोटं कसं पाडणार होतो? मी त्यांच्याशी दोन महिने बोलले नाही.

हेळवी पुन्हा आला तेव्हा मी ज्वारीच्या पोत्यावरच बसून होते. आत्याचं नाव लिहा, मग पायली मिळेल, म्हणाले. तो अवघडून गेला. लेकी नांदायला जातात, त्या चोपडीत येत नाहीत, म्हणाला.

"मग सासरच्या चोपडीत येतात का?"

तेही नाही, असं त्यानं कबूल केलं. मी उठले नाही. भावकीतले दोघे मला समजवायला लागले, वाडवडिलांची रीत, वगैरे. तेवढ्यात आबा काठी टेकत ओट्यावर आले आणि हेळव्याच्या शेजारी बसले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बहिणीचं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माझ्या वर लिवा. थोरली ती हाय. आन् राख उपसत व्हती, ते बी लिवा. त्याच्यावर मी जगलोय."

हेळव्यानं त्यांच्या नावाच्या वरची रिकामी जागा शोधली आणि बारीक अक्षरात लिहिलं. मी पोत्यावरून उठले, पायली शिगोशीग भरून त्याच्या झोळीत ओतली. तो चोपडी मिटायला लागला तसा मी पानावर हात ठेवला. आबांच्या नावाखाली माझ्या भावांची नावं होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी माझं सांगितलं.