चौथा फेरा

नखमास्तर हे नाव त्याला इतर प्लंबरांनी दिलं होतं, आणि ते त्यानं कमावलेलं होतं, उगाच नाही. पाईपच्या तोंडावरच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि सांगायचं, अर्धा इंच, निमुळते आटे, टेप लावून घट्ट बसतील. किंवा, हे सरळ आटे, नुसत्या टेपनं भागणार नाही, वायसर घाला. बाकीचे लोक आटे मोजायची दातेरी पट्टी लावून बघत, तेव्हा हा हसायचा. स्वतःचं नाक कुठं आहे ते बघायला आरसा लागतो का रे तुम्हाला, म्हणायचा. जीभ तिखट, पण काम चोख, त्यामुळे सगळे ऐकून घेत.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिले तीन फेरे कुणीही कुणात बसतं, खरं काय ते चौथ्या फेऱ्याला कळतं. म्हणजे असं, की अर्ध्या इंचात दोन जातींचे आटे येतात. इंचाला चौदा दात इकडेही आणि तिकडेही. पण आपल्याकडच्या दाताचा माथा गोलसर, काही परदेशी मालाचा छाटल्यासारखा चपटा, आणि कोनही जरा पसरट. एकात दुसरा फिरवला तर सुरुवातीला मुकाट्यानं जातो, मग अडतो. शहाण्यानं तिथं थांबावं. अडाणी मात्र टेपचे आणखी वेढे देतो आणि पान्याला लोंबकळतो.

तर असा हा माणूस, आणि साठीला त्याची बोटं गेली. तुटली नाहीत हो, जागच्या जागी होती. साखरेच्या दुखण्यानं त्यांची जाणीव गेली. चहाचा कप गरम आहे की गार, ते ओठाला लागल्यावर कळायचं. दोन वर्षं त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. बायको आधीच गेलेली, घरात लपवायचं तरी कुणापासून? आट्यांवर नख फिरवायचा ते आता नुसतं नाटक. डोळ्यांनी अंदाज बांधायचा आणि वेळ मारून न्यायची. मला विचाराल तर आजारापेक्षा त्याला त्याचा ताठाच जास्त नडला.

त्याची धाकटी बहीण एका मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर कामाला होती. तिथं परदेशातून इस्त्रीचं वापरलेलं यंत्र आलं. ते जोडायला माझ्या दादालाच बोलवा, असं तिनं मॅनेजरच्या मागे लागून सांगितलं. दादा आला. बहीण शेजारी टेपचं रीळ धरून उभी. मॅनेजर आणि कामावरच्या चार बायका बघायला जमल्या. यंत्रासोबत आलेला निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा आखूड तुकडा, त्यानं आपल्या सॉकेटात फिरवला. एक, दोन, तीन. चौथ्याला अडला. बाहेर काढून नख फिरवलं, तर नखाला काहीच लागेना. पट्टी पेटीच्या तळाशी होती. पण बहिणीच्या देखत पट्टी काढायची? त्यापेक्षा त्यानं टेपचे चार वेढे वाढवले आणि पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. निपल बसला. तासभर वाफ सोडून पाहिली, थेंबसुद्धा आला नाही. बायकांनी कौतुक केलं. तो नुसता हं म्हणाला आणि पाने गोळा करून घरी गेला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बहिणीनं वाफ सोडली आणि जोड निसटून बाहेर आला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मॅनेजरनं खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. म्हणे हिनं झडप एका दमात उघडली, सावकाश उघडायची असते. तसं लिहून काढलं, तिला कामावरून कमी केलं, आणि विषय मिटवला. नखमास्तर लॉन्ड्रीत गेला तेव्हा निपल कोपऱ्यात पडलेला होता. चष्मा पुसून त्यानं तो उजेडात धरला. चपटे माथे. आणि जिथं त्यानं जोर लावला होता, तिथले दात सोलून निघालेले. त्यानं तो खिशात घातला.

गटारात टाकला असता तर कोण विचारणार होतं? मॅनेजरचं लिहून झालं होतं, बहिणीनं मान डोलावली होती. दोन आठवडे तो निपल खिशात घेऊन तो दवाखान्यात येत-जात राहिला. तिला चमच्यानं भरवायचा आणि परत यायचा. भेकड होता तो त्या दिवसांत, दुसरा शब्द नाही.

मग डॉक्टरांनी तिच्या उजव्या हाताची चार बोटं काढली. डाव्या हाताचं अजून सांगता येत नाही म्हणाले. त्या दिवशीही तो भरवायला बसला, तर तीच त्याची समजूत घालायला लागली. म्हणाली, "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातचा जोड सुटायचा नाही. झडप माझ्याच हातून जोरात उघडली असणार."

त्यानं चमचा वाटीत ठेवला. खिशातून निपल काढून त्यानं चादरीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. आटे दुसऱ्या जातीचे होते, चौथ्या फेऱ्याला अडले होते, तरी मी जोर लावला, दोन वर्षं बोटांना काही कळतच नाही. उद्या मॅनेजरला लिहून देतो, म्हणाला. बोलताना लहान पोरासारखा रडत होता.

बहिणीनं निपलकडे पाहिलं.

"मी शेजारीच तर उभी होते," ती म्हणाली. "मला म्हणायचंस, धाकटे, जरा तुझं नख फिरवून बघ. गोल की चपटं एवढं तर मलाही कळलं असतं. तेव्हा होती की मला बोटं."