व्यंकटअण्णांचे तीन मेसेज

व्यंकटअण्णा गेले. त्यांनी मला भेटायला बोलावलं होतं आणि मी गेलो नाही.

आमची ओळख एका पाटीमुळे झाली. इथे बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत जुनी दगडी इमारत आहे, वर इंग्रजीत पाटी: सलून.
आता पुण्याचा माणूस सलून म्हटल्यावर काय करणार? फोनवर आईशी बोलत बोलत मी केस कापायला आत शिरलो.

आत दोन म्हातारे बिअर पीत बसलेले.
तरी मी विचारलंच, "कटिंग?"

दारापाशी स्टुलावर बसलेले अण्णा खो खो हसले. माझं मराठी त्यांनी ऐकलं होतं.
"कटिंग शॉप समोर हाय, तम्मा. हितं पितात."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अण्णा सत्तरीचे. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं, पण मराठी घरात टिकलेलं.

मग त्यांनी मला तो बार दाखवला. सागवानी काउंटर, झरोक्यांना लाल-हिरव्या काचा, आरशांवर रंगवलेले हंस. आणि एक अख्खी भिंत भरून चित्र: तळं, नावा, छत्र्या घेतलेल्या मडमा, घोडागाड्या. सगळं ऑइलपेंटमध्ये, अण्णांनी स्वतः विशीत काढलेलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"अण्णा, या घोड्याला पाच पाय आहेत."
"चुकला एक. मालक म्हणाले, असू दे, पिणाऱ्याला बरोबर दिसंल."

त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी कोरमंगलाहून ट्रॅफिक तुडवत जायचो. बिअर हे निमित्त. त्या भिंतीसमोर बसून मराठीत गप्पा मारायच्या, बस्स.

अण्णा रोज सकाळी फुलांच्या फोटोवर कानडी अक्षरं असलेलं गुड मॉर्निंग पाठवायचे. आठ वर्षं या शहरात राहून मला कानडी वाचता येत नाही. मी न चुकता अंगठा टाकायचो.

या महिन्यात तीन मेसेज आले. फुलं नव्हती, नुसती अक्षरं.
प्रोजेक्टचं रिलीज चालू होतं. तिन्हींना अंगठा टाकला.

शनिवारी पुण्याहून आलेल्या मित्राला ती भिंत दाखवायला नेलं. अण्णा दिसेनात.
वेटर म्हणाला, "अण्णा होगबिट्रु सार. गुरुवारी."
गेले.

आज ऑफिसमधल्या कानडी सहकारी कावेरीच्या हातात फोन दिला. म्हटलं, जरा वाच.
तिच्या कपाळाला आठ्या. "अरे, ये कन्नडा नहीं है. पढ़ पा रही हूँ, समझ कुछ नहीं आ रहा."

अण्णांची शाळा कानडी. मराठी फक्त तोंडात. लिहायचं तर कानडी अक्षरांतच लिहिणार ना! इतकी साधी गोष्ट मला कधी सुचली नाही.

"पढ़ती जा," मी म्हटलं.
ती अडखळत वाचत गेली. तिला एकही शब्द कळत नव्हता आणि मला सगळे कळत होते.

"तम्मा, मला दवाखान्यात ठिवलंय. एकदा येऊन जा."

"तुझा अंगठा बघितला. येतोस म्हणून सुनेला सांगून ठिवलंय, तुला आत सोडतील. हितं मराठी बोलाय कोण नाही. करमत नाही."

इथे कावेरी थांबली. "ये 'करमत' क्या होता है?"
मला सांगता येईना. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही. "आगे पढ़," म्हटलं.

मग तिसरा.
"सवड नसली तर ऱ्हाऊ दे, तम्मा. काम सोडून येऊ नको. स्वल्प बरं हाय आता."

त्याच्याखाली माझा अंगठा.

आता हे कोणाला समजावू? ज्यांना सांगायचं होतं, ते गेले. मी यायला नाही म्हटलं नव्हतं हो अण्णा. मला वाचताच आलं नाही.

चुकलो. माझा शेवटचा नमस्कार घ्या.